कानाडोळा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पावसाने निम्म्या एसट्या रखडल्या होत्या आणि पहिल्या तासाला वर्गात जेमतेम चाळीस मुलं, तीही ओलीचिंब. ठरवलेला धडा बाजूला ठेवला. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'स्वमग्न'. काही चेहरे गोंधळलेले दिसले म्हणून शेजारी 'ऑटिझम' असंही लिहिलं. म्हटलं, हे वाचून पहिलं जे मनात येईल ते लिहा. नाव घालू नका.

रात्री जेवणं उरकल्यावर चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. 'आपल्याच जगात असतात' हे सगळ्यात जास्त. मग 'गणितात हुशार', 'शाहरूख', 'कुणाशी बोलत नाहीत', 'भावना नसतात', 'रोबोसारखे', 'कधीकधी अंगावर येतात', 'स्पेशल मुलं', 'देवाची लेकरं', 'बिचारे'. दोन चिठ्ठ्यांवर 'मतिमंद'. एकीवर नुसतंच 'माहीत नाही', आणि मला ती चिठ्ठी मनापासून आवडली. एक चिठ्ठी या सगळ्यांहून वेगळी होती, तिच्याबद्दल नंतर सांगते.

ही मुलं वाईट नाहीत. यातली निम्मी सकाळी गोठ्यातलं आवरून कॉलेजला येतात, गाडीत म्हाताऱ्या माणसाला उठून जागा देतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या मनातल्या अशाच कल्पना गोळा केल्या होत्या, २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या मुलांनी लिहिलेले शब्दही बहुतेक उणे बाजूचेच होते आणि मधेच एखादा 'विशेष क्षमता' असा. सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव कुठे आणि शेफिल्ड कुठे. तरी याद्या इतक्या सारख्या निघाव्यात याने मी बराच वेळ अस्वस्थ होते.

या चिठ्ठ्यांचं कारण तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून मराठी घेऊन बी.ए. झालेली एक मुलगी आहे. ती स्वमग्न आहे. तिचं नाव इथे घालत नाही. हा लेख तिने वाचलाय आणि दोन ठिकाणी माझी चूक दुरुस्त केलीय.

प्रवेशाच्या वेळी तिची आई मला स्टाफरूमबाहेर भेटली होती. "मॅडम, नववीत पुण्याला दाखवलं तेव्हा कळलं. तोवर सगळे म्हणायचे लाजाळू आहे, मुलीच्या जातीला बरंच आहे ते." ऑफिसात सर्टिफिकेट दिलं होतं, पण वर्गात कुणाला सांगायचं नाही, ही मुलीचीच अट होती. आई जाताना थबकली आणि मी न विचारताच म्हणाली, "मी तिला लहानपणी टीव्हीपुढे बसवलं नव्हतं हो." इतक्या वर्षांत किती जणांनी तिला ते ऐकवलं असेल! आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं, हा आरोप जुना आहे. अमेरिकेत ब्रूनो बेटलहाइमने तो १९६७ साली पुस्तकभर मांडला आणि लोकांनी मान्यही केला. खरं तर त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने तो खोडून काढला होता. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. शास्त्राने हा आरोप कधीच टाकून दिला, पण हळदीकुंकवात तो अजून फिरतो.

आईचं ते 'मुलीच्या जातीला बरंच' माझ्या डोक्यात राहिलं. मुलींमधली स्वमग्नता उशिरा ओळखू येते, पुष्कळदा येतच नाही, असं आता अभ्यासक सांगतात. आपल्याकडे तर त्याला घरचीच साथ आहे. मान खाली, कमी बोलणं, कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसणं, हे मुलाने केलं तर डॉक्टरकडे न्यायचं आणि मुलीने केलं तर 'गुणाची गं बाई' म्हणायचं. ती मुलगी नववीपर्यंत गुणाची होती.

पहिल्या वर्षी ती तिसऱ्या बाकावर, दाराच्या बाजूला बसायची. दुसरीकडे बसवलं की उठून परत तिथेच. तिच्याजवळ एक दोनशे पानी वही होती. मला वाटलं, शिकवलेलं उतरवून घेते. एकदा तास संपल्यावर तिने होऊन ती माझ्यापुढे धरली. आत सगळे वाक्प्रचार. डावीकडे शब्दशः काय होतं ते, उजवीकडे लोक काय म्हणून वापरतात ते, आणि खाली बारीक अक्षरात कुणाच्या तोंडून, कधी ऐकला ते. 'पोटात कावळे ओरडणे. आत्या, दिवाळी.' 'हात दाखवून अवलक्षण. कंडक्टर, वाठार स्टँड.' अशा माणसांना लाक्षणिक भाषा कळत नाही, हे मी कुठेतरी वाचलं होतं. इथे तर तिने तीन वर्षांची शिकार मांडून ठेवली होती. लहानपणी या वाक्यांनी तिला फार घाबरवलं होतं, म्हणून एकेकाला धरून ती वहीत डांबत गेली, असं तिनेच सांगितलं.

त्या वहीत 'कानाडोळा करणे' समोर उजवीकडे लिहिलं होतं, 'ऐकू येतं, दिसतं, तरी लक्ष द्यायचं नाही.' आणि खाली, 'मला येत नाही.'

मी विचारलं, म्हणजे काय गं? ती फळ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही शिकवता तेव्हा पंख्याचा आवाज येतो. ट्यूबचा येतो. मागे कुणीतरी पेनचं टोपण उघडझाक करतं. बाहेर शिपाईमामा बादली ठेवतात. तुम्हाला सगळ्यांना त्याच्याकडे कानाडोळा करता येतो. मला सगळं एकदम येतं, सारख्याच आवाजात."

आणि मग तिने मराठीच्या प्राध्यापकाला मराठी शिकवलं. "मॅडम, स्वमग्न शब्द चुकीचा आहे. मग्न म्हणजे बुडालेली. मी स्वतःत बुडालेली नसते. बाहेरचंच इतकं आत येतं."

त्या दिवसानंतर मी त्या शब्दाच्या मागे लागले. मूळ शब्द 'ऑटिझम' स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलरने सुमारे १९११ साली रूढ केला, ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व' वरून. पण तो वापरला होता स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल, वास्तवापासून तुटून आत गेलेल्या मनासाठी. म्हणजे उसना शब्द, तोही दुसऱ्याच आजाराच्या अंगावरचा. पुढे १९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांची टिपणं प्रसिद्ध केली आणि तोच शब्द त्या मुलांना चिकटला. आपण तो मराठीत आणताना प्रामाणिकपणे भाषांतर केलं, 'स्वमग्न', आणि त्यासोबत तो गैरसमजही अलगद घरात आणला. माझ्या विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्यांवरचं 'आपल्याच जगात असतात' दुसरं काय आहे? त्यांनी फळ्यावरच्या शब्दाचा अर्थ लिहिला. मी मराठीची शिक्षिका, मीच तो शब्द त्यांच्यापुढे ठेवला. दुसरा रुळलेला शब्द नाही, म्हणून या लेखातही तोच वापरतेय, जड मनाने.

कॅनरच्या त्या ११ मुलांतला पहिला डोनाल्ड. त्याच्याबद्दल मी वर्गात नेहमी सांगते, कारण चिठ्ठ्यांवर 'मुलं' आणि 'लेकरं' होती, मोठं माणूस एकाही चिठ्ठीवर नव्हतं. डोनाल्ड ट्रिपलेट १९३३ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात जन्मला. लहानपणी त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं, आईवडिलांनी परत आणलं. तो कॉलेजला गेला, १९५८ साली फ्रेंच भाषेत पदवी घेतली, गावातल्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, गाडी चालवली, एकटा देशोदेशी फिरला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी गेला. जगात ज्याचं निदान सगळ्यात आधी झालं, तो माणूस कॉलेजच्या बाकावर बसून गेलाय! घरची श्रीमंती होती हे खरं. पण गावाने त्याला आपला मानला होता, हे त्याच्याबद्दल लिहिणारे सगळेच सांगतात, आणि मला वाटतं श्रीमंतीइतकंच ते मोलाचं होतं.

'गणितात हुशार' आणि 'शाहरूख' या चिठ्ठ्यांचं मूळ पडद्यावर आहे. २०१० साली 'माय नेम इज खान' आला, त्याच्या आधी १९८८ साली हॉलिवूडचा 'रेन मॅन', दोन्हींत नायक स्वमग्न. पत्त्यांचे जोडच्या जोड लक्षात ठेवणारा 'रेन मॅन'चा नायक ज्याच्यावरून सुचला, तो किम पीक मुळात स्वमग्न नव्हताच. त्याच्या मेंदूचे दोन्ही भाग जोडणारा पट्टाच जन्मतः नव्हता. पण त्या एका भूमिकेमुळे कित्येक घरांत पाहुणे येऊन विचारतात, 'मग याला काय येतं?' आमच्या मुलीला काहीच 'येत' नव्हतं. भाषाविज्ञानात तिला ४२ पडले होते. हुशारीची लाच दिल्याशिवाय ज्याला जवळ करता येत नाही, त्या जवळिकीचं करायचं काय?

'भावना नसतात' वाचलं तेव्हा मात्र मी टेबलावरून उठले.

दुसऱ्या वर्षी तिच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील अचानक गेले. तेरा दिवसांनी ती मुलगी परत आली. सगळ्या मैत्रिणी गळ्यात पडल्या, रडल्या. आमची मुलगी जागेवर बसून राहिली, पुढे गेली नाही, रडली नाही. मागून कुणीतरी म्हटलंच, "हिला काही वाटतच नाही." तास संपल्यावर तिने दप्तरातून एक गठ्ठा काढला आणि त्या मुलीच्या बाकावर ठेवला. तेरा दिवसांच्या सगळ्या तासांच्या नोट्स, पाचही विषयांच्या, हाताने उतरवलेल्या, प्रत्येक पानाला वर तारीख. पहिल्या पानाला टाचणीने लावलेली चिठ्ठी, 'मंगळवारी सरांनी अंतर्गत परीक्षेला येणारे प्रश्न सांगितले, ते लाल रंगात आहेत.' ती ठेवून वळली आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेली. तेरा दिवस रोज दुसऱ्या कुणासाठी सगळं पुन्हा लिहून काढायचं, याला भावना म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आता तोंडी परीक्षेचं सांगते. ते लिहायचं म्हणूनच हा लेख लिहायला बसले.

तिसऱ्या वर्षाचा तिचा प्रकल्प होता 'अवयवांवरून आलेले मराठी वाक्प्रचार'. ती वहीच जणू. नुसत्या डोळ्यावर अकरा पानं होती. डोळे भरून पाहणे, डोळा लागणे, डोळ्यांत तेल घालून, डोळ्यांवर कातडं ओढणे. बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. त्यांनी प्रकल्प आदल्या दिवशी वाचला होता आणि त्याला ३० पैकी २५ दिले होते. चहा पिताना मला म्हणाले, "कष्ट घेतलेत पोरीने, बघायला पाहिजे कोण आहे."

मग ती आत आली. खुर्चीच्या टोकावर बसली. प्रश्न विचारला की उत्तर द्यायची, नजर पंख्याच्या रेग्युलेटरवर. आवाज एका पट्टीत. उत्तरं चोख होती, एका ठिकाणी तर तिने परीक्षकांनाच सांगितलं की तुम्ही म्हणताय तो अर्थ कोशात आहे, आमच्याकडे तसा वापरत नाहीत. सरांच्या कपाळावर आठी चढली. "इकडे बघून बोल." तिने बघितलं. आणि बोलणं थांबलं. मला ते दिसत होतं. तिने एकदा मला सांगितलं होतं की डोळ्यांत बघितलं की शब्द जातात, दोन्ही एकदम होत नाही. सर म्हणाले, "स्वतः लिहिलंयस ना? मग नजर का चुकवतेस?"

आपली भाषा किती निष्ठुर आहे बघा. नजर चुकवणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. तो वाक्प्रचार तिच्या प्रकल्पात होता, पान चौदा.

मी शेजारी बसले होते. अंतर्गत परीक्षक मीच. मी काहीही बोलले नाही. कुणाला सांगायचं नाही असं तिचं म्हणणं होतं, हे कारण मी कितीतरी दिवस स्वतःला देत राहिले. पण 'सर, बोलू द्या तिला, ती ऐकतेय' एवढं म्हणायला कुठलं सर्टिफिकेट दाखवावं लागतं? कुठल्याही बावरलेल्या पोरीसाठी मी ते म्हटलं असतं. तिच्यासाठी म्हटलं नाही, कारण मीही तेव्हा सरांच्या नजरेने तिच्याकडे बघत होते, आणि ती मला खरंच थोडी उद्धट वाटली होती. तोंडीला तिला २० पैकी ८ मिळाले. शेरा, 'आत्मविश्वास कमी.'

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "आजी म्हणते मोठ्यांपुढे मान वर करून बोलू नये. सर म्हणतात डोळ्यांत बघून बोल. मॅडम, हे वहीत कुठल्या बाजूला लिहू?"

पुढे काही महिन्यांनी अमेरिकेतल्या नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा एक अभ्यास वाचनात आला आणि मला ती खोली पुन्हा दिसली. त्यांनी २० स्वमग्न आणि २० इतर, अशा ४० प्रौढ माणसांचं थोडं थोडं बोलणं टिपलं आणि ते कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दिलं. काहींना चित्रफीत दाखवली, काहींना नुसता आवाज ऐकवला, काहींना एक स्थिर चित्र, आणि काहींना बोललेले शब्द फक्त कागदावर. चेहरा दिसला, आवाज आला, की काही सेकंदांत विद्यार्थ्यांचं मत स्वमग्न माणसांबद्दल खाली गेलं, यांच्याशी गप्पा माराव्यात असं वाटत नाही म्हणाले. शब्द कागदावर दिले त्यांना मात्र दोन गटांत काही फरक जाणवला नाही. पंचवीस आणि आठ! एकच मुलगी, एकच विषय, तेच परीक्षक, मधे फक्त एक दार उघडून ती आत आली होती.

यालाच डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न आहे, २०१२ साली दुहेरी सहवेदनेचा प्रश्न म्हटलं. त्याचं म्हणणं असं, की दोन वेगळ्या घडणीची माणसं समोर आली की न समजणं दोन्हीकडून असतं, दोष मात्र एकाच्याच पदरात पडतो. एडिनबर्गच्या कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी २०२० मध्ये ते एका खेळातून दाखवलं, आपण लहानपणी खेळतो त्या कानगोष्टी. आठ आठ जणांच्या रांगा, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला. सगळे स्वमग्न असलेल्या रांगेत गोष्ट जेवढी शाबूत राहिली, तेवढीच ती इतरांच्या रांगेतही राहिली. मिसळलेल्या रांगेत मात्र ती भराभर गळत गेली. 'कुणाशी बोलत नाहीत' ही चिठ्ठी मी तेव्हा पुन्हा हातात घेतली. आपापसांत ते नीट बोलतात. सांडतं ते त्यांच्या आणि आपल्या मधल्या जागेत.

कायद्याने दार उघडलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले, त्यात स्वमग्नता आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा आहेत. लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. पण तोंडी परीक्षेच्या टेबलापाशी, कॅन्टीनच्या रांगेत, चार जणांचा गट करा म्हटल्यावर उरलेल्या एकट्या बाकापाशी ती २० मिनिटं काय करणार?

ती मुलगी आता मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते, एसटी स्टँडसमोर. मी मुद्दाम तिथेच झेरॉक्स काढते. गेल्या महिन्यात विचारलं, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं, त्रास नाही होत? ती कागद सरळ करत म्हणाली, "नाही. इथे कुणी डोळ्यांत बघत नाही. सगळे कागदाकडे बघतात. मीपण." मग दोन्ही बाजूंनी की एका बाजूने, विचारलं आणि बटण दाबलं.

त्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'माझा भाऊ. शिऱ्यातले बेदाणे काढून माझ्या ताटात टाकतो. मला आवडतात म्हणून.'

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्यांबद्दल वर्गात बोलले, तीच एक चिठ्ठी नाव न घेता वाचून दाखवली. नाव मला माहीतही नव्हतं. तास संपला, मुलं गेली, एक मुलगा मागे रेंगाळला. बूट ओले, हातात छत्री.

"मॅडम, तो बारावीला आहे. पुढच्या वर्षी इथे घेतील का?"

"घेतील. घ्यावंच लागेल."

"घेतील हो. बसायचं कुठे त्याने? त्याला ट्यूबचा आवाज सहन होत नाही."

मी त्याला दाराच्या बाजूचा तिसरा बाक दाखवला. मग आम्ही पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, आणि वर्गातली एकेक ट्यूब लावून तिच्याखाली उभं राहून ऐकत गेलो. पाच ट्यूब आहेत. चार गप्प होत्या. फळ्याजवळची एक बारीक, सलग, दात आवळल्यासारखी गुणगुणत होती. अकरा वर्षं मी तिच्या खाली उभी राहून शिकवतेय.

शिपाईमामांना सांगून तिचा चोक बदलून घेतला.